संधिवात आणि घराची स्वच्छता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस होऊन ११ वर्षं झाली. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. घरात नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. दवाखान्याबाहेरच्या बाकावर नंबर येईपर्यंत बसलं की बायका एकमेकींना गोळ्यांबद्दल थोडं आणि घरकामाबद्दल फार विचारतात. "तुम्ही लादी कशी पुसता हो?" हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल याला गणती नाही. तिथे, आणि नंतर फोनवर, जे पुन्हापुन्हा विचारलं गेलं ते इथे उत्तरांसकट लिहून ठेवते आहे.

हे नेमकं कोणत्या आजाराबद्दल आहे?

रुमॅटॉइड आर्थ्रायटिसबद्दल. आपण सरसकट त्याला संधिवात म्हणतो, वैद्य आमवात म्हणतात. वयानुसार गुडघे झिजतात तो प्रकार वेगळा. इथे शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बोटांची पेरं, मनगटं, पावलं सुजतात, बहुतेकदा दोन्ही बाजूंची. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो, आणि पुष्कळदा तिशी ते साठीच्या मधे सुरू होतो, म्हणजे घराचा सगळा भार अंगावर असतो तेव्हाच.

चिकनगुनियानंतर महिनोन्महिने सांधे धरून बसलेल्यांना, ल्युपस (हाही प्रतिकारशक्ती उलटण्याचाच आजार) किंवा सोरायसिसचा संधिवात असलेल्यांना यातलं बरंच उपयोगी पडेल. औषधांचे निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचेच.

सकाळी उठून केर-लादी होतच नाही. आळस वाढलाय का?

नाही. सकाळचा ताठरपणा हे या आजाराचं मुख्य लक्षण आहे. सूज वाढवणारी द्रव्यं शरीरात पहाटे सर्वांत जास्त असतात, त्यात रात्रभर सांधे हललेले नसतात. त्यामुळे उठल्यावर मूठ मिटत नाही, पाऊल टेकवत नाही, आणि हे तासभर किंवा त्याहून जास्तही चालतं. हळूहळू अंग सुटतं.

आणि आपल्या घरांमधला कामाचा सगळा क्रम नेमका त्याच तासावर रचलेला असतो. पाणी भरा, केर काढा, लादी पुसा, डबे करा. सात वाजता उंबऱ्यावर रांगोळी नसली तर शेजारीण विचारते. पहिली दोन वर्षं मी हा क्रम मोडायला तयार नव्हते. सहाला उठायचे, सुजलेल्या हातांनी केरसुणी धरायचे आणि साडेनऊला पुन्हा आडवी व्हायचे. मग दिवसभर काहीच व्हायचं नाही.

आता आमच्याकडे केर साडेदहा-अकराला निघतो. लादी दुपारी चारनंतर, किंवा एक दिवसाआड. सकाळी मी फक्त कोमट पाण्यात हात बुडवून बसते, चहा घेते, गोळ्या घेते. डबे रात्रीच अर्धे तयार असतात: कणीक मळून फ्रीजमध्ये, भाजी चिरून डब्यात. घड्याळ बदललं तेवढ्यानेच माझं निम्मं काम परत आलं. बाकी कुठलीही युक्ती करण्याआधी हे करा, असं मी प्रत्येकीला सांगते. आठवडाभर एका कागदावर लिहा, किती वाजता बोटं मोकळी होतात आणि किती वाजता पुन्हा थकवा येतो. त्या मधल्या वेळात घर बसवा.

पण तिन्हीसांजेनंतर केर काढू नये म्हणतात. माझं अंग तर संध्याकाळीच मोकळं होतं.

हा प्रश्न पुष्कळजणी आवाज खाली करून विचारतात, म्हणून त्याला नीट उत्तर देते. दिवेलागणीला केर काढला की लक्ष्मी बाहेर जाते, हे मीही लहानपणापासून ऐकलं आहे. माझी आजी त्याचं कारणही सांगायची: कंदिलाच्या उजेडात कानातलं, मणी, पैसा पडलेला दिसत नाही, तो केरात जातो. आज घरात दिवे लख्ख आहेत.

सासूबाईंना मात्र ते मनातून लागत होतं, आणि त्यांच्या मनाचाही मान राखायला हवा होता. मग आम्ही तोड काढली. सकाळचा केर राहिला तर दिवेलागणीआधी साडेपाचला काढायचा. तेही चुकलं तर रात्री काढलेला केर दाराबाहेर टाकायचा नाही, कोपऱ्यातल्या सुपलीत ठेवायचा आणि सकाळी टाकायचा. त्यांना ते पटलं. तुमच्याकडेही अशी काही मधली वाट निघेल. न निघाली तर संध्याकाळी केर काढा. आजारी माणसाच्या घरातला केर काढल्याने कुठलीही लक्ष्मी रागावणार नाही, यावर माझी श्रद्धा आहे.

काय स्वच्छ ठेवायलाच हवं आणि काय राहिलं तर चालेल?

स्वच्छ घर आणि टापटीप घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोफ्यावर घडी न केलेल्या कपड्यांचा ढीग असला तर घर अस्ताव्यस्त दिसतं, पण त्याने कुणी आजारी पडत नाही. शोकेस लखलखीत आहे आणि ओट्यावरचं फडकं तीन दिवस ओलंच आहे, हे उलट वाईट.

आपल्यासाठी हा फरक इतरांपेक्षा मोठा आहे. मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, स्टेरॉइड, बायोलॉजिक इंजेक्शनं, ही औषधं प्रतिकारशक्तीला आवर घालतात, म्हणून तर सांधे शांत राहतात. पण त्यामुळे साधा पोटाचा संसर्गही रेंगाळू शकतो. आणि स्टेरॉइड बरेच महिने चालू असतील तर हाडं ठिसूळ होतात, मग ओल्या फरशीवर घसरून पडणं चांगलंच महागात पडतं.

म्हणून माझ्याकडे कामाची पहिली ओळ ठरलेली आहे, ताकद कितीही कमी असली तरी ती आधी. ओटा आणि बेसिन पुसलेलं. ओला कचरा रोज बाहेर. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, उन्हाळ्यात तासाभरात. संडास. बाथरूमची फरशी कोरडी. पलंगापासून संडासापर्यंतची वाट मोकळी, तिथे वायर नाही, चप्पल नाही, दुमडलेलं पायपुसणं नाही. रात्री उठताना पावलं ताठ असतात. आणि आठवड्यातून एकदा कोरडा दिवस: कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रीजमागचा ट्रे, पिंप, सगळं रिकामं करून घासायचं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पूर्ण डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्याचं अंतर पुरतं. डेंग्यू-चिकनगुनिया आपल्या सांध्यांना परवडणारा नाही.

चादरी-उशांचे अभ्रे, पंख्यावरची धूळ, फ्रीज आतून, हे जमेल तसं. खिडक्यांचे गज, पितळी भांडी, माळा, पुस्तकांवरची धूळ हे शेवटी. वर्षभर राहिलं तरी राहू दे.

एका दिवसात किती काम करावं?

आमच्या सोसायटीत वरच्या टाकीत पाणी सकाळी एकदा चढतं. टाकी भरलेली आहे म्हणून कुणी सगळे नळ सोडत नाही, कारण रात्रीपर्यंत तेच पुरवायचं आहे. अंगातल्या शक्तीचं तसंच. फरक एवढाच की आपली टाकी काही दिवशी अर्धीच भरते, आणि ते आधी कळत नाही.

घात होतो तो चांगल्या दिवशी. बरं वाटतंय म्हटल्यावर आपण तुटून पडतो. कपाट काढतो, पडदे धुतो, फरशी घासतो. पुढचे तीन दिवस अंथरुणात. मी हे इतक्या वेळा केलं आहे की आता चांगल्या दिवशीही ठरलेल्या कामाच्या वर एकच काम घेते.

थांबायचं कधी यासाठी एक मोजमाप आहे. काम संपल्यावर दोन तासांनीही सांधे आधीपेक्षा जास्त दुखत असतील तर ते काम जास्त झालं. पुढच्या वेळी वेळ कमी करायचा किंवा पद्धत बदलायची, काम कायमचं सोडायचं असं नाही. मी दहा-बारा मिनिटांचा गजर लावते. गजर झाला की हातातलं खाली. अर्धी खोली पुसून झाली असली तरी. उरलेली अर्धी दुपारी.

एकाच सांध्याचं काम सलग नको. केर काढला की लगेच ओटा घासायचा नाही, मधे बसून लसूण सोलायचा नाही (ते तर बोटांना सर्वांत जड), मधे फक्त बसायचं.

घरकाम हाच व्यायाम झाला ना?

नाही. घरकामात तेच ते सांधे त्याच दिशेने घासले जातात. फिजिओथेरपिस्ट जो व्यायाम देतात तो सांधा सगळ्या बाजूंनी हलता ठेवण्यासाठी आणि भोवतीचे स्नायू बळकट करण्यासाठी असतो. दोन्हींपैकी एकाच गोष्टीपुरती ताकद असेल तर त्या दिवशी व्यायाम करा आणि लादी राहू द्या.

मेथोट्रेक्सेट घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी काहीच सुचत नाही. त्या दिवशी घराचं काय?

त्या दिवशी घर नाही. मी गोळ्या शनिवारी रात्री घेते, म्हणून रविवारी मळमळ आणि जडपणा असतो. रविवारी आमच्याकडे खिचडी असते आणि ती मुलगा लावतो. शुक्रवारी-शनिवारी दुपारी थोडं पुढचं आवरून ठेवते.

इथे एक गोष्ट विषय सोडून सांगते, कारण ती जिवावरची आहे. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत. गोळ्यांच्या पाकिटावर वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि घरातल्या आणखी एकाला तो वार माहीत असू द्या.

फडकं पिळता येत नाही, बादली उचलत नाही. काय वापरू?

पिळणं हे सुजलेल्या मनगटाला सर्वांत वाईट काम. माझं उत्तर म्हणजे पिळायचंच नाही. जुन्या सुती साड्यांचे आणि पंच्यांचे रुमालाएवढे वीस-पंचवीस तुकडे करून ठेवले आहेत. एक ओला करायचा, तळव्याने बेसिनच्या भिंतीवर दाबून पाणी काढायचं, एक खोली किंवा एक टेबल पुसायचं आणि तो तसाच मळक्या बादलीत टाकायचा. पुढच्या खोलीला दुसरा. दोन दिवसांनी सगळे एकदम मशीनमध्ये. पातळ कापड, म्हणून वाळतंही पटकन.

लादीसाठी लांब दांड्याचा सपाट मॉप, ज्याचं कापड काढून धुता येतं. दोन-तीन कापडं जवळ ठेवली की तेही पिळावं लागत नाही. बादलीत गरगर फिरवून पिळायचा मॉपही चांगला, पण त्याची भरलेली बादली उचलायची कुणी? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वीस लिटरची भरलेली बादली उचलणं म्हणजे वीस किलोची तांदळाची गोणी उचलणं. बादली जिथे वापरायची तिथेच ठेवा, मगाने किंवा नळीने भरा, मगानेच रिकामी करा. खाली चाकांची पाटी असेल तर उत्तम.

फुलझाडूचा दांडा आखूड असतो, वाकावं लागतं. प्लंबरकडून प्लॅस्टिकच्या पाइपचा कमरेएवढा तुकडा आणून आम्ही झाडू त्यात घट्ट बसवला. उभी सुपलीही लांब दांड्याची मिळते. सगळ्या मुठी जाड करा. सायकलच्या हँडलचा फोम किंवा जुना पायमोजा गुंडाळून दोरीने बांधला तरी चालतो. मूठ जितकी बारीक तितकी बोटं घट्ट आवळावी लागतात, आणि आवळण्यानेच पेरं दुखतात.

काम मोठ्या सांध्याकडे द्यायचं, हे यामागचं सूत्र. पिशवी बोटांत लटकवू नका, कोपरापाशी अडकवा. कढई कानाला धरून एका हाताने उचलू नका. दोन्ही हातांत जाड फडकी घेऊन तळवे खाली लावून उचला. खालचा ड्रॉवर पायाने लोटा, कपाटाचं दार खांद्याने.

भांडी कशी घासायची?

आधी भांडी कमी करा. आमच्याकडे माणशी एक ताट, दोन वाट्या आणि एक पेला एवढंच खाली आहे, बाकी वर गेलं. बेसिनमध्ये डोंगर साचूच शकत नाही. खरकटं निपटून लगेच साबणाच्या पाण्यात भिजवलं की घासायला जोर लागत नाही. बिडाचा तवा आणि जाड पितळी पातेली मी दुसऱ्यांना दिली. ते देताना वाईट वाटलं होतं.

कोमट पाण्यात भांडी विसळणं मला मात्र बरं वाटतं. ऊब लागली की बोटं सुटतात, त्यामुळे दिवसाच्या कामाची सुरुवात मी त्यानेच करते, फक्त कप आणि वाट्या. बेसिनसमोर उंच स्टूल आहे, त्यावर टेकून. घासणी दर रात्री पिळून (माझ्याकडे मुलगा पिळतो) उभी ठेवायची म्हणजे सुकते. सतत ओली घासणी ही जंतूंची वस्ती.

कोणतं यंत्र घेतल्याने खरंच फरक पडतो?

एकाच गोष्टीवर पैसे टाकायचे असतील तर पूर्ण ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन. अर्धऑटोमॅटिकमध्ये ओले, जड कपडे एका टबातून दुसऱ्यात उचलून टाकावे लागतात, आणि नेमकं तेच आपल्याला जमत नाही. कपडे वाळत घालायला दोरी ओढून खाली-वर होणारा छताचा स्टँड घ्या, हात डोक्याच्या वर धरावे लागत नाहीत.

रोबो झाडू सपाट फरशीवर छान चालतो. पण उंबरा अडवतो, वायरी गुंततात, आणि त्याची कचऱ्याची डबी खाली वाकून काढावी लागते. आधी कुणाच्या तरी घरी चालताना बघा. भांडी धुण्याचं यंत्र आमच्याकडे नाही.

संडास-बाथरूमसाठी कोणतं रसायन चांगलं?

कोणतंही एक. दोन कधीही एकत्र करू नका. संडास साफ करायचं निळं द्रावण किंवा बाजारात मिळणारं ॲसिड हे आम्लधर्मी असतं. त्यावर ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, पडलं तर क्लोरीन वायू सुटतो आणि छोट्या बंद मोरीत तो फुप्फुसं जाळतो. संधिवातात काहींची फुप्फुसंही नाजूक झालेली असतात. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काचेचं द्रावण यांचाही संयोग विषारी.

साबण टाका, वीस मिनिटं तसंच राहू द्या, मग लांब दांड्याच्या ब्रशने हलकं फिरवा. जोर लावण्याऐवजी वेळ द्यायचा. आंघोळ झाल्यावर लगेच, भिंती-फरशी ओल्या असतानाच वायपरने पाणी ओढून घेतलं तर क्षारांचे डाग बसतच नाहीत आणि फरशीही कोरडी राहते. घरातल्या प्रत्येकाने आपल्या आंघोळीनंतर दोन हात मारायचे, हा आमचा नियम आहे. आणि भिंतीला स्टीलचा दांडा बसवून घ्या, ड्रिलवाला अर्ध्या तासात बसवून देतो.

पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, काय करायचं?

कोकणात आणि आमच्या ठाणे-मुंबईकडे जूनपासून कपडे वाळत नाहीत आणि कपाटांना वास मारतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा, हवा खेळते. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. बुरशी दिसली तर ती कोरडी खरवडायची नाही, कण उडतात; ओल्या साबणाच्या फडक्याने पुसायची, तोंडावर मास्क. जमलं तर हे काम दुसऱ्याला द्या. भिंत पुन्हापुन्हा काळी पडत असेल तर पुसून उपयोग नाही, बाहेरून गळती आहे, सोसायटीच्या मागे लागा. डांबरगोळ्या कपाटात ठेवायच्या तर कपडे घालायच्या आधी उन्हात टाका, दमा असेल तर ठेवूच नका.

गॅलरीत कबुतरांची घाण आहे. मी झाडली तर चालेल?

तुम्ही नाही. ही घाण सुकली की तिची पूड श्वासातून आत जाते, तिच्यात बुरशीचे जंतूही असतात. त्याने फुप्फुसांना कायमची सूज येऊ शकते, आणि प्रतिकारशक्ती दबलेली असताना धोका वाढतो. २०२५ मध्ये मुंबईतला दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला तेव्हा त्यावरून मोठा वाद झाला. ज्यांना कबुतरांना दाणे घालणं पुण्याचं वाटतं त्यांच्या भावना मला कळतात. पण माझ्या गॅलरीत मी जाळी बसवली आहे. जी घाण आधीची आहे ती निरोगी माणसाने मास्क लावून, आधी पाण्याने पूर्ण भिजवून मग काढायची. कोरडी झाडायची नाही.

कामाला मावशी ठेवल्या आहेत, पण मला अपराधी वाटतं. आणि त्यांना काय सांगावं?

परवडत असेल तर हा खर्च औषधाच्या यादीत धरा. आमच्या ताईंना मी पहिल्याच दिवशी सांगितलं की माझ्या औषधांमुळे मला लागण लवकर होते. ताप-खोकला असेल तर येऊ नका, त्या दिवसाचे पैसे कापणार नाही. पैसे कापले जाणार असतील तर कुठलीही बाई तापातही कामावर येणारच, आणि तो ताप आपल्या घरात येणार. माझी गरज होती म्हणून मी हे सुरू केलं, आता वाटतं की हे तसंही करायलाच हवं होतं.

त्यांच्याही पाठीला आणि गुडघ्यांना जपा. लांब दांड्याचा मॉप त्यांनाही द्या. माझे सांधे सांभाळायचे म्हणून दुसऱ्या बाईने उकिडवं बसून पुसायचं, हे मला पटत नाही. जास्तीच्या कामाचे जास्तीचे पैसे आधी ठरवा. दिवाळीला एक पगार.

घरच्यांना कसं सांगायचं? बाहेरून तर मी धडधाकट दिसते.

दुखणं दिसत नाही हीच अडचण आहे. माझ्या नात्यातल्या एकींनी माझ्यासमोरच म्हटलं होतं, आमच्या वेळी ही थेरं नव्हती. त्या रात्री मी खूप रडले.

सासूबाईंशी मी वर्षभर गोलगोल बोलत राहिले. मग एका सकाळी सरळ त्यांच्यासमोर हात धरला आणि म्हटलं, "आई, मूठ मिटून दाखवते, बघा." मूठ अर्धीच मिटली. त्यांनी माझी बोटं हातात घेतली, ती गरम होती. "एवढं असतं रोज?" एवढंच विचारलं त्यांनी. दुसऱ्या दिवसापासून चहा त्या टाकायला लागल्या. सगळ्या घरांत असं होईल असं मी म्हणत नाही. पण "मला बरं नाही" यापेक्षा "सकाळी दहापर्यंत माझी मूठ मिटत नाही" हे माणसाला कळतं.

नवऱ्याला आणि मुलाला मदत मागू नका, कामं वाटून द्या. मदत मागितली की काम आपलंच राहतं आणि आठवण करून द्यायचं आणखी एक काम वाढतं. आमच्याकडे संडास नवऱ्याचा, कचरा आणि पंखे मुलाचे. त्यांनी ते त्यांच्या पद्धतीने केलं तर मागून दुरुस्त करायला जायचं नाही. मला हे शिकायला लादी पुसण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

दिवाळीची साफसफाई कशी करायची?

गणपती उठले की सुरू. रोज एक कप्पा, फक्त एकच. स्टुलावर चढायचं नाही, माळा आणि पंखे पूर्णपणे दुसऱ्यांचे. पितळी भांडी मी एक समई आणि एक तांब्या एवढीच बाहेर ठेवली आहेत. पितांबरी लावून ठेवली की मुलगा घासतो. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळद-कुंकू वाहतो, ते मात्र मी स्वतः करते.

दुखणं उसळलं की कमीत कमी काय करावं?

औषध. पाणी आणि खाणं हाताशी. ओला कचरा कुणीतरी बाहेर ठेवणं. संडासापर्यंतची वाट मोकळी. खरकटी भांडी पाण्यात. बाकी काही नाही. अशा दिवसांसाठी मी एक खोका तयार ठेवते: खाकरे, राजगिऱ्याचे लाडू, ओले पुसण्याचे रुमाल, कागदी ताटल्या. कागदी ताटल्या वापरताना पर्यावरणाचं मनाला लागतं. वर्षातले ते मोजके दिवस आहेत.

ताप आला, एकच सांधा अचानक लालभडक आणि गरम झाला किंवा धाप लागली तर हे नेहमीचं उसळणं समजून घरी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

पसारा बघून कुणाला घरी बोलवावंसंच वाटत नाही. अंघोळीचाही कंटाळा येतो.

पसाऱ्याची लाज वेगळी आणि हे वेगळं. संधिवातासोबत उदासी येणं खूप आढळतं, दुखणं आणि थकवा दोन्ही त्याला हातभार लावतात. दोन आठवडे झाले तरी कशातच मन लागत नाही, उठावंसं वाटत नाही, असं असेल तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हेही सांगा. १४४१६ हा मनाच्या दुखण्यासाठी सरकारचा टेली मानस फोन क्रमांक आहे. फुकट आहे, कधीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. मी एका पावसाळ्यात फोन केला होता.

आणि घरी बोलवा. माझी मैत्रीण येते तेव्हा मी सोफ्यावरचे कपडे उचलून आत टाकत नाही. ती बसते आणि बोलता बोलता घड्या घालते.

इंजेक्शनच्या वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या?

साध्या पिशवीत अजिबात नको, घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात घुसते. जाड प्लॅस्टिकची बाटली घ्या, तेलाची किंवा डिटर्जंटची. सुईला पुन्हा टोपण लावत बसू नका, ती सरळ आत टाका. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी, आणि मार्करने मोठ्या अक्षरांत "वापरलेल्या सुया". घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे सुया आणि मुदत संपलेली औषधं ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळायची नसतात. आमचा डॉक्टरांचा दवाखाना बाटली परत घेतो, म्हणून मी ती दर तीन महिन्यांनी तपासणीला जाताना पिशवीत घालून नेते.